नऊ तासांचं विमान

६ ऑक्टोबर, सोमवार

आज कळलं. दहा महिने झाले आई जाऊन, आणि आज कळलं.

विनिता मावशीला भेटायला गेले होते. आईची धाकटी बहीण, ऐंशीची आहे, पण कान माझ्यापेक्षा तिखट. बोलता बोलता म्हणाली, "मंदे, तुझा तरी काय दोष गं. विमानालाच नऊ तास, मग पुढचा रस्ता. तू पोचेपर्यंत मध्यरात्र झाली असती. म्हणून तर आम्ही कोणी थांबा म्हटलं नाही."

मी म्हटलं, "नऊ तास? कोण म्हणालं?"

"विश्राम. सगळ्यांना तेच सांगितलं त्याने. गुरुजींनी विचारलं ना, अजून कोणी यायचं राहिलंय का? तर म्हणाला, ताई गुवाहाटीला आहे, विमानाला नऊ तास लागतात, थांबण्यात अर्थ नाही."

मी कप खाली ठेवला. मी एकतीस वर्षं ठाण्यात भूगोल शिकवला. गुवाहाटी ते मुंबई विमानाला नऊ तास! नऊ तासांत माणूस युरोपात उतरतो.

माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याने आईला चार वाजता उचललं आणि मला शेवटचं तोंड बघू दिलं नाही. मला वाटायचं, घाई केली. घाई नव्हे ही. अंतर वाढवून सांगितलं मेल्याने, म्हणजे कोणी थांबूया म्हणू नये.

याची भरपाई मी घेणार. लिहून ठेवते आहे.


७ ऑक्टोबर

माळ्यावरून पृथ्वीगोल काढला. निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेला, त्यावरची धूळ पुसली. गुवाहाटीवर दोरा धरला, मुंबईपर्यंत ताणला, प्रमाणाने गुणलं. दोन हजार एकशे. मग मोबाईलवर पाहिलं तर दोन हजार सत्तर किलोमीटर. दोऱ्याने तीस किलोमीटरची चूक, ती मला मान्य.

विमान ताशी आठशेने गेलं तरी अडीच तास आणि वर पाच मिनिटं. चढायला उतरायला धरा थोडा वेळ. साडेतीनच्या वर जातच नाही.

साडेतीनचे नऊ केले. शाळेत असता तर बाकावर उभा केला असता.


१० ऑक्टोबर, शुक्रवार

वर्षश्राद्ध चोवीस नोव्हेंबरला आहे. मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी. विश्रामने घरच्या ग्रुपवर टाकलं: सर्वांनी डोंबिवलीला यावे. सगळे असणार. मावशी, मामेभाऊ, त्याच्या बिल्डिंगमधले, कंपनीतले जुने लोक.

ठरलं. जेवणं झाली की सगळ्यांसमोर वाचायचं. आरडाओरडा करायचा नाही. आकडे वाचायचे. त्याने जे तोंडाने केलं ते मी कागदाने खोडणार.

गेल्या वर्षीचं इथे एकदा नीट मांडून ठेवते, म्हणजे तेव्हा गडबड नको.

आई विश्रामकडे असायची. मी ठाण्यात बाळकुमला एकटी, मैथिली माझी मुलगी गुवाहाटीला डॉक्टर. आईला एकदा विमानात बसायचं होतं. अठ्ठ्याऐंशीची झाली, पण हौस बघा. मी तिकिटं काढली, तिला खिडकीची जागा घेतली. रोज सांगायचे, आई, तीन तासांत मैथिलीकडे, तीन तासांत परत. तिने स्वेटर काढून ठेवला. आणि जायच्या चार दिवस आधी विश्राम म्हणाला, डॉक्टर नको म्हणतात, हृदय अशक्त आहे. कोणता डॉक्टर? त्याच्या ओळखीचाच. मी भांडले. तो म्हणाला, "ताई, तुझ्या हौसेसाठी तिला मारू का?" हे वाक्य मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. मी एकटी गेले. त्याच्याशी बोलणं बंद केलं.

पाच डिसेंबरला आई गेली. अकरा दहाला. मला साडेअकराला कळलं. मी त्याला फोन केला, म्हटलं थांब, मी निघते. तो म्हणाला, "चार वाजता नेतोय, ताई." आणि ठेवला. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा खोलीत नुसता दिवा होता.

एवढंच आहे.


१२ ऑक्टोबर

मैथिलीला सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, शाब्बास आई. ती म्हणाली, "आई, मामाने चौदा फोन केले होते ना त्या दिवशी? मी ओटीत होते, माझा बंद होता. तुझा?"

मी म्हटलं, "माझा आत चार्जिंगला होता."

"बरं," म्हणाली. तिचं ते 'बरं' मला आवडत नाही. तिच्या बापाचंही असंच होतं.

फोनचा इथे संबंध नाही. प्रश्न प्रवासाचा आहे.


२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आला. मला वाटलं होतं येणार नाही. चकल्यांचा डबा आणि साडी घेऊन आला, दम लागला होता त्याला. आमची लिफ्ट बंद आहे, पाच मजले चढून आला. मी पाणी दिलं. तेवढं शत्रूलाही देतात.

पाट मांडला. ओवाळताना मी विचारलं, अगदी सहज, "विश्राम, गुवाहाटीहून विमानाला किती वेळ लागतो रे?"

त्याचा चेहरा उतरला. निरांजनाकडे बघत राहिला. "नऊ म्हणालेलो मी," असं म्हणाला.

"आणि खरा किती?"

"तुला माहितेय ताई. भूगोल तू शिकवलास."

"मग का म्हणालास?"

"सोड ना. ओवाळ आता, तूप संपतंय."

सोड ना! कबूलही करत नाही, नाकारतही नाही. मी ओवाळलं, अक्षता टाकल्या, मनात म्हटलं, चोवीस तारखेला बघते तुला. जाताना वाकून नमस्कार केला त्याने. केस फार पांढरे झालेत. बासष्ट म्हणजे काही म्हातारपण नव्हे, पण कंपनीतल्या त्या केमिकलच्या वाफांनी लोक लवकर पिकतात.

साडी मोरपंखी आहे. कपाटात टाकली, घालणार नाही.


२७ ऑक्टोबर

विश्रामचा मुलगा, माझा भाचा साकेत, कंप्युटरवाला आहे. त्याला विचारलं, गुवाहाटी ते मुंबई विमानाचा वेळ कुठे बघायचा. त्याला काही कळलं नाही कशासाठी ते, भोळा आहे, आईवर गेलाय. त्याने एक साईट दाखवली. त्यावर जाताना दोन तास पंचावन्न आणि येताना तीन तास तीस. मी विचारलं, असं का? तो म्हणाला, "आत्या, वारा." मी त्यालाच समजावलं की हिवाळ्यात वरचे पश्चिमी वारे जोरात असतात, पूर्वेला जाताना पाठीवर, पश्चिमेला येताना अंगावर. साकेत म्हणाला, "बाबाही म्हणालेले एकदा, येताना वारा समोरून असतो."

विश्रामला हे माहीत आहे तर! म्हणजे अडाणीपणाने नाही बोलला. ठरवून बोलला.


३० ऑक्टोबर

साईटवरचा आकडा कोणीही मोडीत काढेल. म्हणतील, नेटवरचं काय खरं धरायचं, विमानतळावर बसून राहावं लागतं, ट्रॅफिक लागतं. विश्राम स्वतः म्हणेल, ताई, शिळफाटा विसरलीस.

म्हणून मी तो प्रवास करणार आहे. तोच. मैथिलीच्या दारातून निघायचं, तेच दुपारचं विमान, उतरून तशीच गाडी, आणि डोंबिवलीला त्याच्या बिल्डिंगच्या फाटकापर्यंत. मिनिटं लिहायची. मग कोणी काही बोलू शकत नाही.

मैथिलीला वाटलं मी तिच्याकडे राहायला येते आहे. खूश झाली. तिला सांगितलं नाही.


८ नोव्हेंबर, गुवाहाटी

पोचले. जाताना दोन तास बावन्न मिनिटं, वारा पाठीवर. हे मोजायची गरज नव्हती पण मोजलं. शेजारच्या बाईंना वाटलं मी विमानाला घाबरते, त्यांनी हात धरला. सोडवताना जीव गेला.

इथे साडेचारला अंधार पडायला लागतो. मैथिलीच्या गॅलरीतून नदी दिसते. गेल्या वर्षी इथेच बसले होते.


१० नोव्हेंबर, गुवाहाटी

मैथिलीला कळलं. माझी वही तिने पाहिली. रागावली नाही, नुसती खुर्ची ओढून समोर बसली, पेशंटच्या समोर बसते तशी.

"आई, तुझ्या ह्या कागदात पहिली वेळ पावणेबारा आहे."

"हो. घरातून निघायची वेळ."

"आजीला सकाळी अस्वस्थ वाटायला लागलं. पावणेबारापर्यंतचे सहा तास कुठे आहेत ह्यात?"

मी म्हटलं, "प्रवास निघाल्यापासून मोजतात. तू डॉक्टर आहेस, मला भूगोल शिकवू नकोस."

ती उठली. म्हणाली, "आपण सगळेच दमलोय आई." जेवणात तिने मासळी केली, माझ्या आवडीची, नि विषय परत काढला नाही. हल्लीची मुलं समजूतदार असतात असं म्हणतात. मला वाटतं ती भित्री असतात.


११ नोव्हेंबर, मंगळवार

विमानात लिहिते आहे, अक्षर हलतंय.

दार सोडलं ११.४५. विमानतळ १२.३१. दोन रांगा. विमान सुटायची वेळ १.४०, चाकं जमिनीवरून उठली १.५२. ही बारा मिनिटं त्या वैमानिकाची, माझी नव्हेत.

सूर्य पुढे पळतोय आणि आम्ही मागे, त्यामुळे दुपार संपतच नाही. मुलांना हे शिकवायचे मी, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. आईला खिडकीत बसवलं असतं तर तिने विचारून विचारून भंडावलं असतं. हा ढग का, तो डोंगर कुठला.

(पुढचं घरी.)

चाकं टेकली ५.२१. आधी समुद्रावर गोल गोल फिरवलं, मी मनात म्हणत होते, उतरव बाबा, विश्रामला सामील आहेस का तूही! एकूण तीन तास एकोणतीस मिनिटं.

बाहेर ५.४४. सामान नव्हतंच. गाडी आधी बोलावलेली. ड्रायव्हरला सांगितलं, घाई आहे. तो म्हणाला, "काय आजी, कोणी आजारी का?" मी म्हटलं, "नाही, गेलंय." बिचाऱ्याने शिळफाट्याला उलट्या बाजूने घालायला कमी केलं नाही, मीच ओरडून थांबवला.

डोंबिवली पूर्व, त्याच्या बिल्डिंगचं फाटक: ७.१२.

उतरले, फाटकाला हात लावला, घड्याळ पाहिलं, वहीत लिहिलं. वॉचमन ओळखीचा, म्हणाला, "मॅडम, साहेब वरच आहेत." तिसऱ्या मजल्यावर आईच्या खोलीत दिवा होता. कोणीतरी खिडकी लावून घेतली. मी परत गाडीत बसले. ड्रायव्हर बघत राहिला.

सात बारा! सात वाजेपर्यंत कुठलंही घर थांबतं. बर्फ असतो, सगळं असतं. परदेशातून लेक येते तर दोन दोन दिवस थांबतात लोक. हा तीन तास थांबला नाही.

आता कागद तयार आहे.


१९ नोव्हेंबर

कागद चार वेळा लिहिला. भाषा सौम्य केली. सौम्य भाषेने जास्त लागतं, हे मुख्याध्यापकांकडून शिकले.

भावनाचा फोन. भावना म्हणजे विश्रामची बायको. "ताई, तुम्ही लवकर या हं, वाढायला मला हात पुरणार नाहीत." आवाजात काही नाही. तिला माहीत नसणार नवऱ्याने काय केलंय ते.

झोप लागत नाही. राग असा असतो, डोळा लागू देत नाही.


२४ नोव्हेंबर, सोमवार

झालं.

सकाळी नऊला पोचले. मोरपंखी साडी नेसले होते, का ते माहीत नाही, हाताला तीच लागली. भावनाने पाहिली आणि हसली. पिंड झाले, गुरुजी गेले, पानं वाढली. माझ्या ताटात आईच्या आवडीचं आमसुलाचं सार होतं.

जेवणं उरकली. पुरुष बाहेर बसले, बायका पलंगावर. मी उभी राहिले. म्हटलं, "आईबद्दल थोडं बोलायचंय." सगळे गप्प झाले, त्यांना वाटलं आठवणी सांगणार.

मी वाचलं. अंतर दोन हजार सत्तर किलोमीटर. विमानाला तीन तास एकोणतीस मिनिटं. दारापासून फाटकापर्यंत सात तास सत्तावीस मिनिटं, स्वतः मोजून. साडेअकराला कळल्यावर निघून मी संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी इथे असते. "तुम्हाला नऊ तास सांगितले. तुमच्यातल्या एकानेही विचारलं नाही. मी आईच्या तोंडात पाणी घालू शकले असते."

माझा आवाज शेवटी फाटला. एरवी एकतीस वर्षांत फाटला नव्हता.

विनिता मावशी म्हणाली, "विश्राम. हे खरं?"

तो दाराजवळ उभा होता, हातात ताक होतं. म्हणाला, "खरं आहे मावशी."

"सातला आली असती ही, आणि तू माझ्या बहिणीला चारला नेलंस?"

"चुकलं माझं."

"आणि हिला कळवलंस कधी? सकाळपासून ती तशी होती ना?"

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. खोलीत पंचवीस माणसं होती.

"साडेअकराला," तो म्हणाला.

"सकाळभर काय करत होतास मग?"

"राहून गेलं."

भावना स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, काय बोलताय—" तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "भावना, मावशींना विडा दे."

मावशीने विडा घेतला नाही. काठी मागितली. म्हणाली, "सख्ख्या बहिणीला कळवायचं राहून जातं? तुझ्या घरचं पाणीही आता मला नको." त्याच्या कंपनीतले दोघं खाली मान घालून निघून गेले. मामेभाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ताई, तुझं फार सोसणं झालं.

जिंकले. जसं ठरवलं होतं तसंच झालं. विश्राम भिंतीला टेकून खाली बसला होता, साकेत त्याच्याशी बोलत नव्हता. मी एक शब्द बोलले असते तरी पुरला असता. बोलले नाही.

दमले आहे. उद्या लिहीन.


२५ नोव्हेंबर

काल एक लिहायचं राहिलं. राहिलं नाही, लिहिलं नाही.

मी पर्स घ्यायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा भावना भांडी विसळत होती. नळ बंद केला आणि माझ्याकडे वळली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"ताई, तुमचे आकडे बरोबरच असतील. नऊ तास कुठून आले ते सांगू?"

मी म्हटलं, "सांग."

"आईंना पहाटे घाम फुटला. ह्यांनी तुम्हाला पहिला फोन लावला सहाच्या आत. मग लावतच होते. आई शुद्धीत होत्या, हलवू नका म्हणत होत्या. एकच विचारत होत्या, मंदाला कळवलं का? काय सांगणार? हे म्हणाले, कळवलं, निघाली ती. साडेसातला म्हणाले, विमानात बसली. मग त्यांनी डोळे मिटले जरा. साडेदहाला परत उघडले. म्हणाल्या, तीन तास झाले ना रे. मंदा म्हणाली होती तीन तास. अजून कशी नाही आली? घाबऱ्याघुबऱ्या झाल्या, विमानाचं काही झालं का म्हणून. तेव्हा हे म्हणाले, आई, ते जाताना तीन. येताना वारा समोरून असतो, नऊ तास लागतात. तुला कसं माहीत असणार, तू कुठे बसलीस विमानात. मग त्या शांत झाल्या. मग दर थोड्या वेळाने, कुठवर आलं? हे सांगायचे, पाटणा आलं. आता जबलपूर आलं. आता नागपूर. नागपूरच्या पुढे नाही जाऊ शकले हे."

मी पर्सचा पट्टा धरून उभी होते.

"गुरुजींनी विचारलं तेव्हा ह्यांच्या तोंडात तेच बसलं होतं. नऊ तास. मग तेच चालू ठेवलं. तुम्ही फोन घेतला नाहीत हे कोणाला कळायला नको, म्हणाले, ताई आहे ती."

मी म्हटलं, "मग चारला का नेलं? सातपर्यंत का नाही थांबला?" हे विचारताना मला वाटत होतं, निदान इथे तरी तो चुकलेला असू दे.

"रागाने," भावना म्हणाली. "तुमचा फोन आला साडेअकराला, आई गेल्यावर वीस मिनिटांनी, आणि तुम्ही पहिलंच वाक्य काय बोललात ते तुम्हाला आठवतं का? 'आता कसली आठवण झाली माझी?' ह्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, चारला न्यायचं. मी म्हटलं थांबूया. नाही म्हणाले. ते चुकलंच त्यांचं. ते तेव्हापासून रोज म्हणतात चुकलं म्हणून."

तिने परत नळ सोडला.


२६ नोव्हेंबर

मावशीने सगळ्यांना फोन केलेत. मामेभावाच्या मुलीचं, श्रियाचं, लग्न आहे जानेवारीत. विश्रामला बोलावायचं नाही असं ठरतंय. मला कौतुकाचे मेसेज येत आहेत. एकीने लिहिलंय, ताई तुम्ही आमच्या वाघीण.

मला भूक नाही.

मैथिलीला फोन केला. म्हटलं, सगळं नीट झालं. तिने विचारलं, मामा कसा आहे? मी म्हटलं, मला काय माहीत. शेवटी ती म्हणाली, "आई, तो फोन खरंच आत होता?"

मी म्हटलं, दूध उतू जातंय, ठेवते.

दूध नव्हतंच गॅसवर.


२७ नोव्हेंबर, गुरुवार

फोन आत नव्हता. ओट्यावर होता, माझ्या हातापाशी.

पाच बावन्नला वाजला. मी उठून चहा ठेवत होते, मैथिली रात्रपाळीला होती. पडद्यावर विश्रामचं नाव. मला वाटलं, माफी मागत असेल, आणि इतक्या पहाटे म्हणजे भारीच टोचलेलं दिसतंय मन. मी म्हटलं, टोचू दे. फोन मुका केला आणि पालथा ठेवला. पोहे केले. नदीवरचं धुकं पाहिलं. मला बरं वाटत होतं. हे लिहिते आहे कारण हे खरं आहे, त्या सकाळी मला फार बरं वाटत होतं. अधूनमधून फोन ओट्यावर थरथरायचा, कळायचं मला, आणि प्रत्येक वेळी मी मनात म्हणायचे, अजून एक, अजून एक कर.

पाच बावन्नला निघाले असते तर सकाळचं विमान होतं. किती वाजता पोचले असते तो हिशोब मी केलेला नाही. करता येतो. करणार नाही.

आज अकराला विनिता मावशीला फोन केला. ती आधी पाच मिनिटं विश्रामला बोलत होती. असला भाऊ वैऱ्याला नको, वगैरे. मी ऐकलं. मग म्हटलं, "मावशी, तो खोटं बोलला."

"ते तर सगळ्यांनाच कळलंय आता."

"श्राद्धाच्या दिवशी खोटं बोलला. त्याने मला सहाच्या आत फोन केला होता. चौदा वेळा केला. पहिला आला तेव्हा मी जागी होते, आणि मी तो पालथा ठेवला."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"मुद्दाम?" मावशीने विचारलं.

"मुद्दाम."

"मग तो साडेअकरा का म्हणाला गं?"

मी सांगितलं. भावनाने सांगितलेलं सगळं, पाटणा, जबलपूर, नागपूर. मला वाटलं ती मला शिव्या देईल, मी तयार होते, खरं म्हणजे मला त्या हव्या होत्या. तिने दिल्या नाहीत. मग म्हणाली, "म्हणजे तिला शेवटपर्यंत वाटत होतं तू येतेयस?"

"हो."

"काही बोलली का ती शेवटी?"

हे भावनाने मला निघताना दारात सांगितलं होतं, आणि परवा इथे लिहायला माझा हात धजला नव्हता. म्हटलं, "विश्रामला म्हणाली, मंदाला विमानतळावर आणायला कोण गेलंय? एकटी यायला लावू नका तिला. त्याने सांगितलं, साकेत गेलाय."